आप्पासोंच्या गादीवर काउंटर

ता. ३ फेब्रुवारी १९४७, सोमवार. सांगली.

काम मिळालं! सुकुमारशेठचं हळदीचं अडत दुकान. गाद्या-लोड काढून मुंबईच्या धर्तीवर टेबल-खुर्चीचं हापीस करायचं. पाडव्याला उद्घाटन. मी म्हटलं, पाडवा कशाला, आठवडाभर आधीच किल्ली हातात देतो. लढाईभर किरकीला लष्कराच्या बांधकाम खात्यात, एम.ई.एस.मध्ये, ओव्हरसियर होतो. साहेबलोकांची हापिसं उभी केली. (दोन. त्यातल्या एकाचं छप्पर पुढं दुसऱ्यानं घातलं. पण नकाशा माझाच.)

लीलाला कराडला पत्र टाकलं. लढाई संपून मी रिकामा झालो तेव्हापासून ती माहेरीच आहे. सासरे आकारामदादा तेव्हा म्हणाले होते, जावईबापू, आदी कायतरी हुबं करून दावा, मग लेक न्या. आता दावतोच. माधवनगरला खोली बघून ठेवली. दादांची हळद याच दुकानात येते. पाडव्याला नव्या काउंटरवर पहिला सौदा त्यांचा, असं शेठकडून कबूल करून घेतलं.

ता. ५ फेब्रुवारी.

कामाचे नियम ठरवले. एक : नकाशा एकदाच. नंतर ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. दोन : जागा ताब्यात आली की मालकानं आत लुडबुडायचं नाही. बाकीचे सुचतील तसे.

ज्योतिबा सुतार पहिल्याच दिवशी अडला. मुख्य गादी उचलीना. म्हणे, आवं सायेब, मालक बसल्यात की तितं. शेठचे वडील आप्पासो दिवाळीत ह्याच गादीवर बसल्या बसल्या गेले. तेही सौदा चालू असताना. पेठेत भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून ठरवायचं, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. हात रुमालाखालीच राहिला आणि म्हातारा गेला. समोरच्याला वाटलं, भावाचा विचार चाललाय.

समोर कोण? आमचे आकारामदादा! त्या दिवसापासून त्यांनी ती हळद दुसऱ्या कुणाला दाखवलीसुद्धा नाही. सौदा मोडल्याला न्हाई, म्हणतात. काय बोलावं या लोकांना.

शेवटी गादी मीच उचलली. खालून ऊबदार होती. उन्हाची तिरीप येत असणार. (त्या बाजूला खिडकी नाही. असो.)

ता. ११ फेब्रुवारी.

गादी मागच्या खोलीत टाकली. तिच्या जागी काउंटर येणार. छातीइतका उंच, वर लाकडी जाळी, जाळीत पैसे द्यायला लहानशी खिडकी. अगदी बँक! भाव पाटीवर लिहायचा आणि मोठ्यानं सांगायचा. रुमालाचा खेळ बंद. शेठला कल्पना फार आवडली.

दुपारी माणसं बाहेर निंबाखाली भाकरी खायला बसतात. मी एकटा आत, तपासणीला. आज कोणीतरी खाकरलं. ओलं सागवान वाळताना आवाज करतं.

शेठच्या आई गुणमालाक्का मात्र फार त्रास देतात. रोज दिवस मावळायच्या आत गाळलेल्या पाण्याचा तांब्या गादीपाशी ठेवतात. सकाळी तो रिकामा. मी म्हटलं, आक्का, उंदीर पितात. तर म्हणाल्या, उंदीर पाणी पिऊन तांब्या पालथा घालून ठेवतोय व्हय रं?

ता. १८ फेब्रुवारी.

आज जरा विचित्र. नव्या टेबलावर धूळ बसू नये म्हणून चादर टाकली होती. खाली हात घालून बघत होतो, ज्योतिबानं रंधा नीट मारलाय की नाही. तर कोणीतरी माझी बोटं धरली.

तीन बोटं धरली. सोडली. मग चार. मग थांबून, उत्तराची वाट बघितल्यासारखं. हात कोरडा होता आणि गार.

नस आखडली असणार. किरकीला फार लिहावं लागायचं. निलगिरीचं तेल चोळलं. निर्धार : चादरीखाली हात घालायचा नाही.

ता. १९ फेब्रुवारी.

घातला. खात्री करायला. धरला.

ता. २७ फेब्रुवारी.

काउंटर तयार झाला, बाहेर, मांडवात. झकास काम. दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. सगळी पेठ जमून सल्ले देत होती. शेवटी चौकट फोडली. नवा नियम : दाराचंही माप घ्यावं. हा नियम किरकीला लागत नव्हता, तिथं दारं मोठी होती.

शेठ नियम मोडून आत आले. काउंटरमागं, गादीच्या जागी खुर्ची होती, तीवर टेकले आणि खाकरले. अगदी जसंच्या तसं, रोज दुपारी ऐकू येतं तसं. ज्योतिबाच्या हातातलं पटाशी-हातोडं खाली पडलं. शेठचा चेहरा पांढरा. उठून गेले. बापाचा आवाज पोराला येणारच, त्यात काय!

ता. ८ मार्च.

ज्योतिबानं जाळीत मोर काढायला घेतलेत. नकाशात मोर नाहीत. पण ऐकेचना, म्हणे लय भारी दिसंल, आमी मोर काढणारच. दोन मोर झाले, तिसऱ्याचं तोंड बदकासारखं आलंय. कामाला उशीर झाला तर तो मोरांमुळे, हे इथं नोंदवून ठेवतो.

काउंटरच्या ओल्या व्हार्निशात आज पाच बोटं उठलेली. ज्योतिबाला शिव्या घातल्या. त्यानं आपला पंजा त्यावर धरून दाखवला. त्याचा पंजा दुप्पट. माझाही बसत नाही. पुन्हा व्हार्निश मारलं. बोटं पुन्हा वर आली. व्हार्निश भेसळीचं आहे, दुसरं काय.

ता. १५ मार्च.

आज किल्ली द्यायची होती. दिली नाही. शेठनंही मागितली नाही, म्हणजे त्यांनाही घाई नव्हती.

दुपारी आत थांबणं बंद केलंय. निंबाखाली बसून सगळीकडे जास्त चांगलं लक्ष राहतं. मी घाबरलेलो नाही. घाबरलो असतो तर इथं लिहिलं असतं, इथं कोण वाचतंय!

पण एक लिहितो. काल जेवताना पंचा मांडीवर होता आणि त्याखाली हात गेला. तिथंही धरला. निंबाखाली, सगळ्यांच्या देखत, हातात भाकरी असताना. देवा, काय पाहिजे ह्याला माझ्याकडून? मला भावातलं काही कळत नाही!

निलगिरीची बाटली संपली.

ता. २३ मार्च, पाडवा. सकाळ.

सगळं तयार. फोडलेली चौकट बसवायची राहिली आहे, तिथं आंब्याची डहाळी बांधली. लीला आली! दादांच्या गाडीतून, हळदीच्या पोत्यांवर बसून. हिरवं लुगडं नेसली आहे. काउंटर बघून म्हणाली, लय उंच केलासा की वो. मला कौतुक वाटलं. माधवनगरच्या खोलीचं सांगितलं. बघू, म्हणाली. पण हसून म्हणाली.

पाडवा. संध्याकाळ.

क्रमानं लिहितो.

शेतकरी आले. पायताणं बाहेर काढली, खुर्च्यांकडे बघितलं आणि भिंतीला लागून उभे राहिले. एकही बसला नाही. दादा काउंटरपुढं. मी म्हटलं, दादा, सांगा भाव, मोठ्यानं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांना भर पेठेत धोतर सोडायला सांगितलं. जाळीमागून शेठही बोलेनात. बोलले तर मागच्या वीसजणांना भाव कळणार. काउंटर इतका रुंद, की हाताला हात पोचत नाही. मीच पुन्हा ओरडलो, बोला, बोला! लीलानं खाली बघितलं.

तेवढ्यात दादांनी खांद्यावरचा पंचा काढला, जाळीच्या खिडकीवर टाकला आणि खालून हात आत घातला.

पंचा हलायला लागला. दादांचे डोळे मिटलेले. बोटं चाललेली दिसत होती, वर, खाली, थांबून. मग दादा म्हणाले, झाला सौदा. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, बघा, चालला की नाही काउंटर!

कुणीच टाळी वाजवली नाही. सगळे माझ्या मागं बघत होते. वळलो. शेठ माझ्या मागं होते, आक्कांशेजारी, दोन्ही हातात नारळाचं ताट धरून. ते कधीच बाहेर आले होते. जाळीच्या आत कोणी नव्हतं.

दादा रडायला लागले. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन. म्हणाले, आप्पासोच हुतं. शेवटाला अंगठा दाबत्यात, तसाच दाबला. दिवाळीला राहिल्याला, त्यो दाबला. आक्कांनी डोळ्याला पदर लावला. शेठनं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, भाव काय ठरला. दादांनी कानात सांगितला. शेठ म्हणाले, बाबांचा शब्द. दिला.

मग सगळे गादीच्या जागेपाशी जमिनीवर बसले. शेठसुद्धा. मी एकटा खुर्चीवर.

ता. २४ मार्च.

सकाळी शेठनं काउंटर फोडायला ज्योतिबाला बोलावलं. मोर तेवढे तो घरी नेणार आहे. मी म्हटलं, नियम एक, बदल नाही. शेठ म्हणाले, मानसिंगराव, तुमी आता घरी जावा. पुढच्या कामाचा विषय मीच काढला नाही. योग्य वेळ नव्हती.

गाडी जुंपताना लीला माझ्यापाशी आली. माझा हात हातात घेतला, निलगिरीचा वास घेतला. हळू विचारलं, आवं, तुमी म्हैनाभर आत हुतासा. तुमास्नी कदी काय जाणवलं न्हाई? खरं सांगा. मी हसनार न्हाई. मला बी भ्या वाटतंय.

किती मायेनं विचारलं होतं! तोंडावर आलं होतं सगळं. पण दादा ऐकत होते, ज्योतिबा ऐकत होता. मी म्हटलं, छे! काय जाणवायचंय? दादांचं वय झालंय. आणि लाकूड ओलं होतं.

तिनं हात सोडला. बरं, म्हणाली. मग पोती उतरवलेल्या रिकाम्या गाडीत बापाशेजारी जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. तिनं काही मागं बघितलं नाही. ऊन डोळ्यावर असणार.

ता. २६ मार्च. दुपार. माधवनगर.

खोली घेतलीच. हवेशीर आहे. मधे पार्टिशन टाकलं तर दोघांना उत्तम होईल. नकाशा काढायला बसलो होतो. सुचेना.

जवळच्या कापडगिरणीची माणसं जेवायला गेलेली, सगळीकडे सामसूम. पाडव्याला माझ्याकडे राहिलेला लीलाचा रुमाल टेबलावर टाकला आणि खाली हात घातला. खाकरलो. म्हटलं, आप्पासो, ती येईल का, तेवढं सांगा. काय असेल ती बोटं दाबा.

बराच वेळ हात तसाच ठेवला. कोणी धरला नाही.

नस आता पूर्ण बरी आहे असं दिसतं.