भंगाराच्या ट्रकला थांबवलंय

प्रिय वॉरेन,

'प्रिय' बघून भुवया चढवू नकोस. नुसतं 'वॉरेन' लिहून बघितलं तर वीज कंपनीची नोटीस वाटायला लागली, म्हणून हे. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. इतकी वर्षं आपल्या दोघांमधे निरोप्या म्हणून डीन होता. आता तुम्ही बापलेकच एकमेकांशी बोलत नाही, तर मधे कोणाला घालणार? तेव्हा हे पत्र लिहून मी स्वतःच तुझ्या फाटकावरच्या पेटीत टाकून जाणार आहे. कुत्रा सोडू नकोस.

आधी गाडीचं सांगते, त्यातल्या त्यात ते सोपं आहे. डीनच्या अपघाताला दीड महिना होत आला, पण तुझी कॉर्व्हेट अजून नोवाकच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली पडून आहे. बघ, 'तुझी' लिहून गेले. कोर्टाने ती माझ्या नावावर केल्याला पंचवीस वर्षं झाली, तरी आमच्या घरात ती कायम 'बाबाची गाडी'च होती. नोवाक म्हणतो, पुढचा सांगाडा वाकलाय, पण साखळ्यांनी ओढून सरळ होईल. बॉडी फायबरची. ती चेपत नाही, फुटते. पण मूळचे तुकडे हाताशी असले तर आतून पट्ट्या लावून जोडता येतात, हिवाळाभर काम चालेल एवढंच. तुझ्या जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळीही एकेक करून येऊन गेली. टोप्या काढून उभी राहिली, जशी काही मयतीलाच आली आहेत. कोणी म्हणालं माझ्याकडे जुनं बॉनेट आहे, कोणी म्हणालं काच देतो. चौसष्टची गाडी भंगारात घालणं पाप आहे, असं प्रत्येकाने मला ऐकवलं. सगळ्यांचं मत दुरुस्तीचं. भंगारात घाला म्हणणारी मी एकटी.

आणि लोकांना त्याचंही कौतुक वाटलं, हे विशेष. आईचं काळीज आहे, ज्या गाडीने मुलाचा जीव घेतला असता ती डोळ्यांसमोर नको वाटणारच, असं बोलतात. डीनच्या बायकोने, जोडीने, तर मला जवळ घेतलं. सासूला मिठी मारायची त्या पोरीची ही पहिलीच वेळ, आणि ती अशा कारणासाठी. मी लाकडासारखी उभी राहिले. माझं म्हणणं ऐकून नोवाकने शेवटी भंगारवाल्याला सांगितलं, येत्या शनिवारी त्यांचा ट्रक यायचा होता.

पण सुरुवातीला मलाही ती दुरुस्तच करायची होती, हे तुला ठाऊक नसेल. डीनच्या पायाचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हेनिंगच्या सोयाबीनच्या शेतात गेले होते. चीज फॅक्टरीच्या पुढचं ते वळण, जिथे गाडी रस्ता सोडून उलटली. नोवाकने बजावलं होतं, 'मार्लिस, नखाएवढा तुकडासुद्धा सोडू नकोस, सगळं गोळा करून आण.' मी सफरचंदांची खोकी घेऊन गेले आणि गुडघ्यांवर बसून लाल तुकडे वेचत राहिले. सोयाबीनची धसकटं गुडघ्यांना बोचत होती. हेनिंगची बायको कुंपणापाशी आली, परत आत गेली आणि स्वतःचे बागेतले हातमोजे आणून माझ्यासमोर ठेवले. त्या दिवशी मला खरंच वाटत होतं, सगळे तुकडे मिळाले तर सगळं ठीक होईल. मग ती खोकी मी नोवाककडे नेली. उतरवून झाल्यावर त्याने मला गाडीच्या मागच्या बाजूला बोलावलं आणि एक गोष्ट दाखवली. तिथून परत आले तेव्हापासून मी म्हणायला लागले, भंगारात घाला. काय दाखवलं ते सांगते. जरा दम खाऊ दे.

आपल्या काडीमोडाच्या वेळी तू शेत ठेवलंस आणि मी गाडी मागितली. मला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं, गिअर टाकताना अजून माझी जीभ बाहेर येते. तुला लागावं म्हणून मागितली. तुला लागलंही. पुढे तू डीनकरवी दोनदा विचारलंस आणि मी दोनदा नाही म्हणाले. याची मला लाज वाटते असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपलं भांडण होतं, त्यात दोघांनीही काही कमी ठेवलं नव्हतं. मी आज ज्याच्यासाठी मान खाली घालून बसले आहे ते दुसरंच आहे.

ऑगस्टमधे चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या माशाच्या जेवणाला मी तुला पाहिलं. तू मला पाहिलं नाहीस. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसला होतास आणि बटाट्याची कोशिंबीर चमच्यातून तोंडापर्यंत नेताना तुझा हात हलत होता. तू डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरलास आणि घास तोंडात घातलास. मेल्या, तुझा मला इतका राग आहे, पण तो घास बघून मी माझं ताट अर्धं टाकून उठले. घरी जाताना ठरवलं, ऑक्टोबरमधे याची सत्तरी आहे, गाडी देऊन टाकायची. पुरे झालं.

तर वॉरेन, हे वाच आणि परत एकदा वाच. डीनने माझ्या शेडमधून गाडी चोरली नव्हती. मी त्याच्या हातात किल्ली दिली होती. तुझ्या वाढदिवसाला तो ती तुझ्या दारात आणून उभी करणार होता. दुपारी निघाला तेव्हा लहान पोरासारखा खुशीत होता, गाडीचं कापडी छत उघडलं होतं, मला म्हणाला, 'आई, बाबा रडणार बघ.' मी म्हटलं, 'रडू दे, कधी तरी रडलाच पाहिजे तो.' आणि अर्ध्या तासाने हेनिंगचा फोन आला.

हॉस्पिटलमधे तू विचारलंस आणि त्याने तुला सांगितलं की आईला न विचारता काढली. तू काय बोललास ते तुला आठवत असेल. 'चाळिशीचा घोडा झालास आणि आईच्या घरात चोऱ्या करतोस? माझ्यासमोर येऊ नकोस.' मी दारात उभी होते, दोन्ही हातांत कॉफीचे कप घेऊन. एक कप तुझ्यासाठी होता. मी तोंड उघडलं नाही. तू माझ्या अंगावरून निघून गेलास. नंतर मी डीनला विचारलं, असं का सांगितलंस रे? तर तो म्हणाला, 'खरं सांगितलं असतं तर बाबा म्हणाला असता, एवढ्या वर्षांनी दिली तीही मोडून दिली. तू पहिल्यांदा त्याच्यासाठी काही केलंस, आई. ते मी रस्त्यात घालवलं. त्याची बोलणी तू कशाला खायचीस?' असा मुलगा आहे आपला. कोणावर गेलाय देव जाणे, तुझ्यावर नाही आणि माझ्यावर तर नाहीच.

हे एवढंच असतं तरी मी कदाचित गप्प राहिले असते. म्हटलं असतं, बापलेकांचं भांडण आहे, थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत निवळेल, टर्कीपुढे कोण किती दिवस रुसणार. पण डीनला खरोखर वाटतं की गाडी त्याच्या हातून गेली. त्याला फक्त एवढं आठवतं की वळणावर मागची बाजू घसरली. म्हणतो, वेगात असणार मी, ती गाडी हातात आल्यावर कोण हळू चालवेल? तो वेगात नव्हता, वॉरेन. हेनिंग ट्रॅक्टरवर होता, त्याने बघितलं. तो म्हणतो, पोरगा आजीला चर्चला नेत असल्यासारखा येत होता. मी हे डीनला सांगितलं, तर म्हणाला, हेनिंग भला माणूस आहे, माझी समजूत काढतोय.

त्याचा पाय आता बराच भरून आलाय. कुबडी सुटली, काठी आहे. शाळेच्या ऑफिसातून फोन आला की डॉक्टरांचा दाखला आण आणि बसवर परत ये. तुला माहीत आहे, पोरगा वीस हिवाळे ती पिवळी बस चालवतोय, बर्फात, चढणींवर, आणि आजवर तिला ओरखडा नाही. पोरं त्याच्या बसमधे बसायला भांडतात. काल रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर त्याने सांगितलं की पुढच्या सोमवारी तो बसची किल्ली परत करणार आहे. जोडी रडायला लागली. मी म्हटलं, वेडा आहेस का? तर त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, 'मोकळ्या रस्त्यावर, भर उन्हात, एक गाडी या हातांना धरता आली नाही. त्याच हातांत लोकांची लेकरं कशी सोपवू?' मी तिथेही गप्प बसले. पुढ्यातल्या गोडाच्या ताटलीकडे बघत बसले.

आता नोवाकने काय दाखवलं ते. ऑगस्टमधे मी त्याला गाडी चालू करून द्यायला बोलावलं होतं. त्याने टाकी साफ केली, ब्रेकचं सगळं नवं घातलं, बॅटरी टाकली. मग म्हणाला, 'मार्लिस, या टायरांवर ही शेडच्या बाहेर काढायची नाही. नक्षी कोरी दिसते, पण रबर मेलंय. वॉरेनने घातलेलेच टायर आहेत हे. चारही बदल, नाहीतर माझ्या ट्रकवर घालून ने.' मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, 'गाडी देतेय ती देतेय, वर आंदणही देऊ का? टायर त्याचे तो बघेल.' पैशांचा प्रश्न नव्हता. मला तुझ्यासाठी तेवढं करायचं नव्हतं. एवढी मोठी वस्तू परत देताना मला थोडं तरी हातचं राखून ठेवायचं होतं, तू खाली वाकून ते टायर बघावेस आणि तुला कळावं की मार्लिस पुरती नमलेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच. नोवाकला मी सांगितलं की ट्रकवरूनच पाठवेन, आणि डीनला टायरांचं अवाक्षर बोलले नाही, कारण त्याने लगेच स्वतः जाऊन टायर आणले असते. खोकी उतरवली त्या दिवशी नोवाकने मला उजवीकडचं मागचं चाक दाखवलं. टायरची वरची पूर्ण पट्टी सोलून निघाली आहे, केळ्याच्या सालीसारखी. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, 'मी होऊन कोणाला सांगणार नाही. पण वॉरेनने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.' म्हणून मला ती गाडी भंगारात हवी होती. कोणी दुरुस्तीला घेतली असती तर पहिल्यांदा ते चाकच बघितलं असतं. माझं आईचं काळीज ते हे.

आज सकाळी मी नोवाकला फोन करून ट्रक थांबवायला लावलाय. का विचारलं नाही त्याने. म्हणाला, 'बरं. मग ते चाक काढत नाही मी.' गाडीचे कागद या पाकिटात आहेत, तुझ्या नावावर सही करून. तुकडे सगळे खोक्यांत आहेत. दुरुस्त कर, भंगारात घाल, तुझी मर्जी, मी त्यात आता तोंड घालणार नाही. उद्या सकाळी मी डीनकडे जाऊन त्याला सगळं सांगणार आहे. पण तो विश्वास ठेवणार नाही, वॉरेन, हे मला आत्ताच दिसतंय. त्याला वाटेल, आई माझ्यासाठी स्वतःवर ओढून घेतेय, कारण त्याने स्वतः तेच केलंय. माझ्या बोलण्याला त्याच्याकडे आता किंमत नाही, आणि ती मीच घालवली. तुझ्या बोलण्याला आहे. गाड्यांच्या बाबतीत तू सांगशील ते तो लहानपणापासून बायबलसारखं धरून चालतो. म्हणून हे पत्र. तू मला क्षमा करावीस म्हणून नाही, ती मी मागतही नाही. नोवाककडे जा, ते चाक स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि सोमवारच्या आत आपल्या मुलाला जाऊन सांग की त्याच्या हातांची काही चूक नव्हती.

डीनची आई,
मार्लिस