पट्टी नसलेला टीव्ही

३ नोव्हें., सोम.
निखिलने विचारलंच नाही. पुण्यात बसून इंटरनेटवरचा टीव्ही बुक केला. मी ह्यांना आंघोळ घालत होते, दारात दोघे वायर घेऊन उभे. बाहेर येईपर्यंत भिंतीला भोक पाडून झालं होतं, आणि गच्चीवरची सलीमभाईंची केबल कापून खाली फेकलेली. कुणाला विचारून? "म्हातारी वायर आहे मॅडम, आता काय काम तिचं."
फोनवर निखिल म्हणतो, "आई, महिनाभर फुकट आहे. नाही आवडलं तर काढू."
कापलेली वायर काय मी दाताने जोडू?

६ नोव्हें., गुरु.
टीव्ही लावला की आधी चित्रांचीच भिंत. बातम्या कुठे, शोधा. मराठी नाटक सापडलं, तर त्याचे पैसे वेगळे. पूर्वी हे डाव्या हाताने दोन आकडे दाबायचे, झालं.
सगळ्यात वाईट म्हणजे सलीमभाईंचं आपल्या गावचं, सेलूचं चॅनल ह्यात नाही. दुपारी जुना सिनेमा आणि खाली दिवसभर पट्टी: कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, कोण गेलं, अंत्ययात्रा कुठून. लकव्यानंतर दोन वर्षं हे बोलत नाहीत, पण पट्टी एकही चुकली नाही. ओळखीचं नाव आलं की पलंगाच्या कठड्यावर टकटक. मी साडी बदलून त्या घरी जाऊन यायची, दोघांच्या वतीने. आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाचं गावाशी एवढंच उरलं होतं.
तेही तोडलं.

१३ नोव्हें., गुरु.
स्वयंपाकघरात होते. बाहेर आवाज. वाटलं कुणी आलं.
हेच होते. नव्या रिमोटवर बोलायचं बटण आहे, निखिलने व्हिडिओवर दाखवलं होतं. ते दाबून हे म्हणत होते, "बा... बात..." पडद्यावर लहान मुलांची कार्टून आली. रिमोट आदळला. मग वाकून परत उचलला.
मी दारात. हातात लाटणं तसंच.

१४ नोव्हें.
रात्रभर संताप. आनंद व्हायला हवा होता, होत नाही.
ह्यांना बोलतं करायला दोन वर्षं मी आरसा घेऊन समोर बसले. लहानपणी शाळेत सिस्टर शिकवायच्या तसं. कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या बाकामागे उभ्या राहून त्या म्हणायच्या, मला ऐकू आलं नाही, पुन्हा. रागावून नाही, इतकं हळू म्हणायच्या की आपल्यालाच मोठ्याने बोलावंसं वाटे. त्यांच्या झग्याला साबणाचा वास यायचा... असो. तस्संच ह्यांना म्हणत होते. पुन्हा बोला ना. आ. ई. ऊ. हे तोंड घट्ट मिटून घ्यायचे. डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या, म्हणून मीच आरसा कपाटात ठेवला.
आणि आता यंत्राशी बोलतात. माझ्याशी नाही.

२० नोव्हें., गुरु.
सलीमभाई आले. मला वाटलं कापलेल्या वायरीसाठी भांडायला. पायरीवरच बसले.
"भाभी, सरांना सांगितलं का बापूरावांचं?"
काय बापूरावांचं?
"म्हंजे तुमाला ठावं न्हाई? गेले की मागच्या आठवड्यात. तीन दिवस पट्टी चालवली म्या. मोठ्या अक्षरात. सरांसाठी मुद्दाम."
बापूराव! ह्यांच्याबरोबर एका खोलीत राहून शिकलेले. नोकरीत होते तेव्हा कापसाच्या जिनिंगमधून सुटले की रोज आमच्या ओट्यावर चहा.
ह्यांना सांगितलं. भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवले नाहीत.

२१ नोव्हें.
बापूरावांच्या घरी जाऊन आले. सुशीलाबाईंनी, त्यांच्या बायकोने, आधी सतरंजी अंथरली. मग, "सर येऊ शकत न्हाईत ते समजतंय आमाला. तुमी तर यायचं."
मी म्हटलं, एक फोन करायचा होता.
"फोन कशाला? पट्टी दिली होती की."
काय सांगणार? आमच्या घरी महागातला टीव्ही आलाय म्हणून?

२३ नोव्हें., रवि.
निखिलवर ओरडले. इतकी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, काढून टाक तुझं सगळं.
"आई, बाबा बोलायला लागलेत त्याच्यामुळे! दोन्ही ठेव ना, बिल मी भरतो."
नको. तू भरतोस म्हणूनच तू विचारत नाहीस. ह्या घरात काय यावं आणि काय जावं ते पेन्शनमध्ये बसेल तसं आम्ही ठरवू. दोन्ही बसत नाहीत. एकच ठेवायचं.
लहानपणी कधी हट्ट केला नाही ह्या पोराने. आता आमच्यासाठी करतो.

२९ नोव्हें., शनि.
वायर पुन्हा जोडता येईल का, विचारायला सलीमभाईंना फोन केला. म्हणाले, "जोडतो की. पण लवकर सांगा भाभी. गल्लीत तीनच घरं राह्यलीत, लाइन काढायलोय मी. तुमी हो म्हणलात तर ठिवतो. सरांनी माझी दोन्ही पोरं शिकवलीत."
म्हणजे हेही माझ्यावरच.
हो म्हणणार होते. तोंडातून निघालं, सोमवारी सांगते.

१ डिसें., सोम.
उद्या फुकटचा महिना संपतो. सकाळपासून चिडचिड. दूध उतू गेलं.
दुपारी ह्यांच्याजवळ बसले. सरळ विचारलं, काय ठेवू? पट्टी की हे? कठड्यावर टकटक करा, मी समजेन. टकटक केली नाही. उशाचा रिमोट घेतला, बटण दाबलं. बराच वेळ ओठ नुसते हलले. मग,
"बापू."
स्पष्ट. दोन वर्षांत इतकं स्पष्ट काही नाही.
पडदा फिरत राहिला. मग अक्षरं आली: काही सापडले नाही. पुन्हा बोला.
वाटलं, हिसकावून घ्यावा रिमोट, फेकावा अंगणात. हात पुढेही केला.
ह्यांनी बटण परत दाबलं.
"बापू."
सलीमभाईंचा फोन दोनदा वाजून गेला.