टॅनरचा उजवा हात

आयोवा,
१४ ऑगस्ट १९९६

प्रिय मर्ल,

पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. लोर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, टोमॅटो यंदा उदंड आलेत, आणि तिने तुझी आठवण काढली आहे. बहीणच ती, काढणारच.

पत्रात तू मला ‘लाडके मेव्हणे’ म्हटलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! तू गोड बोलायला लागलास की मी आधी खिसा चाचपून बघतो.

तर तुझा टॅनर. एप्रिलपासून मी परीक्षक म्हणून आमच्या बेसबॉल क्लबच्या खालच्या सगळ्या संघांमागे भटकतोय. मोटेलचे चपटे साबण, गार हॉट डॉग, आणि मिसरूड न फुटलेल्या पोरांपासून मोठ्या लीगच्या दारात ताटकळणाऱ्यांपर्यंत सगळे. कुणाला वर चढवायचं, कुणाला घरी धाडायचं, ते सोमवारी माझ्या अहवालावर ठरेल. आमच्याकडे गुण वीस ते ऐंशी. तुझ्या पोराच्या फास्टबॉलला मी सत्तर दिले. बाप तू असूनही.

तू लिहितोस, ‘कोपर जरा कुरकुरतं, पण ते अहवालात नको. एकदा वरच्या संघात जाऊ दे, मग डॉक्टरचं बघू.’

जरा कुरकुरतं? बाकीचे परीक्षक वेगाच्या यंत्राकडे बघतात. मी पिचर दोन चेंडू टाकायच्या मधल्या वेळात काय करतो ते बघतो. टॅनर आमच्याकडे पाठ करून हात झटकत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला पॅनकेक खायला नेलं.

“सिरप डाव्या हाताने ओततोस?”

“सवय आहे, काका.”

“कधीपासून?”

“जूनपासून.” मग मान खाली घालून म्हणाला, “बाबा म्हणाले, सप्टेंबरपर्यंत दात-ओठ आवळून काढ. आणि तुम्हाला तर मुळीच कळू देऊ नकोस म्हणाले.”

“मलाच का?”

“म्हणाले, तुम्ही जुनी खुन्नस काढाल.”

म्हणजे मुलाला गप्प बसवलंस, आणि मग तो पकडला जाईल या भीतीने मलाही पत्र टाकलंस. शाबास!

खुन्नस कसली, ते मात्र त्याला सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. माझ्या लग्नाआधीच्या त्या उन्हाळ्यात तू आमचा मॅनेजर होतास आणि मी तुझा कॅचर, पिचरचा प्रत्येक चेंडू झेलणारा. दुसरा कॅचर नव्हता आणि माझं बोट मोडलं. तू स्वतः ते शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलंस. “डॉक्टरकडे गेलास तर जागा जाईल रे बाबा,” म्हणालास. मी खेळलो. चेंडू आला की हात आपोआप मागे जायचा, आणि का जायचा ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. पुढच्या मार्चमध्ये, सरावाच्या दिवसांत, सामान सांभाळणारा म्हातारा सकाळी खोलीच्या दारात उभा होता. तो ज्याला ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणतो, त्याने बॅग भरायची असते. क्लबचे साहेब म्हणाले, “मर्ल म्हणतो, तू चेंडूला घाबरतोस.” मी तोंड उघडलं नाही. तुझ्या बहिणीशी माझं लग्न ठरलं होतं.

मर्ल, तुझं पत्र वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मला काहीच करायचं नव्हतं. फक्त तुझं ऐकायचं होतं. टॅनरला वर चढवायचं, कोपर गाळायचं, आणि हाताचा निकाल लागेपर्यंत टाळ्या वाजवायच्या. साप मेला असता आणि काठीही मोडली नसती. जन्मभर तू तुझंच पत्र आठवून रडला असतास. दोन दिवस मी या विचारावर जेवलो, झोपलो. लोर्नाने विचारलंही, “आज शीळ कसली घालतोयस?”

पण पोराने माझ्या बोटाकडे बघून प्लेट बाजूला सारली होती. “खूप दुखायचं का, काका?” एवढंच विचारलं. तू ते कधी विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी त्याला क्लबच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. कोपराच्या आतला अस्थिबंध अर्धा फाटलाय. अजून काही सामने टाकले असते तर उरलेलाही गेला असता. आता ऑपरेशन, आणि वर्षभर चेंडूला हात लावायचा नाही. वरचा संघ विसर. अहवालात मी सगळं लिहिलंय, त्याला कुणी गप्प राहायला सांगितलं होतं तेही. तुझ्या ओळखीची मंडळी अजून क्लबमध्ये आहेत, वाचतील.

हात बरा होईपर्यंत तो आमच्याकडे राहील. लोर्नाने शिवणाची खोली रिकामी केली. तुझे फोन येतात तेव्हा तो अंगणात निघून जातो. म्हणतो, बाबांशी यापुढे बोलायचंच नाही. मी त्याला समजावलं तर तो ऐकेल. माझं तो ऐकतो.

मी समजावणार नाही.

तुझाच, म्हणजे तुझ्याच हाताने असा घडलेला,
डॅरेल