साक्षीच्या नावापुढचा शेरा

थळ,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

चि. अजित यास,

काल, गुरुवार ११ डिसेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माणगावच्या मैदानावर तू साक्षीला आठशे मीटरमधून बाद केलेस. घड्याळ माझ्या हातात होते, तेव्हा वेळेबद्दल वाद घालू नकोस. आशीर्वाद आहेतच, सख्खा धाकटा भाऊ आहेस, त्याला इलाज नाही. घरी रचनाचा खोकला कसा आहे? तिला म्हणावे, काढा गाळून पी.

आता मुद्दा. पोर पहिली आली होती. मुख्य पंच म्हणून पांढरी टोपी घालून तू लाउडस्पीकरवरून तिला बाद ठरवलेस. तेवढ्यावर थांबला असतास, तर मी तुला चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण निकालपत्रावर तिच्या नावापुढे तू शेरा मारलास, ‘खिलाडूवृत्तीचा भंग’. म्हणजे रविवारची पंधराशे मीटरही तिला बंद.

धाप लागलेली असताना ती आधी दुसऱ्या आलेल्या म्हसळ्याच्या राहीकडे गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला. हा भंग?

घंटीचे काय, म्हणशील. येते तिथे.

थळला धावायला मैदान नाही. ओहोटी लागली की घट्ट ओल्या वाळूवर साक्षी धावते आणि बाजूने मी सायकल चालवते. वेग वाढवायचा असला की घंटी वाजवते. चार वर्षे हीच आमची पद्धत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई सदुसष्टाव्या वर्षी पोरीबरोबर सायकल हाणते म्हणून गाव हसूनही झाले. ती घंटी मी हँडलवरून काढून पिशवीत घालून आणली होती. शेवटचे दोनशे मीटर उरले तेव्हा दोरीपाशी उभी राहून वाजवली. साक्षी सुटलीच. पुढे असलेल्या राहीने दचकून मागे पाहिले आणि तिची लय तुटली.

आधी ताकीद दिल्याशिवाय बाद करता येत नाही, असे मी काल सर्वांसमोर ओरडले. तू नुसता बघत राहिलास.

ताकीद तू दिली होतीस. बुधवारी, प्राथमिक फेरी संपल्यावर, चहाच्या टेबलापाशी. “ताई, ही पुन्हा वाजली तर पोरीला बाद करावं लागेल. तिला सांग.” मी म्हटले, “बरं, साहेब.” आणि सांगितले नाही. सांगितले असते तर ती म्हणाली असती, मावशी, नको वाजवू. मला जिंकायचे होते. मला, अजित.

काल संध्याकाळी तिच्या आईकडे गेले. सगुणा दारात मासळीची टोपली धूत होती.

“बाई, माजी पोर लबाड हाय का?”

“न्हाय गं.”

“मग कागदावर तसं का लिवलंय?”

आतून साक्षी म्हणाली, “आये, जाऊ दे. मला न्हाय धावायचं आता.”

कॉन्व्हेंटात खोटे बोलणाऱ्या मुलीला सिस्टर वर्गासमोर उभी करत. मी कधी उभी राहिले नाही. काल सगुणाच्या दारात उभी होते, तरी तोंड उघडले नाही. हे पाकीट बंद केले की तिथेच जाणार आहे. तुला लिहून झाले की माघार घेता येणार नाही, म्हणून आधी तुला.

पण तूही सुटत नाहीस. खरा शेरा ‘बाहेरच्या व्यक्तीची मदत’ हाच होता. तो लिहिला असतास तर कोणाची, हेही लिहावे लागले असते. बहिणीचे नाव वाचवायला तू पंधरा वर्षांच्या पोरीचे नाव खराब केलेस. यालाच मी अन्याय म्हणते.

पदक राहीचे आहे, तिच्याकडेच राहू दे. साक्षीचा शेरा बदल. मला वर्षभर मैदानावर बंदी घाल. सूट दिलीस तर त्याचीही तक्रार करीन.

फोन करू नकोस. फोनवर तू “बघतो ताई” म्हणतोस आणि बघतच बसतोस. शेजारचा केतन उद्या सकाळी हे पत्र घेऊन तुझ्या दारात येईल आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. रविवारच्या शर्यतीची यादी पाचला बंद होते. उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला तुझ्या सहीचे लेखी उत्तर हवे.

तुझी ताई,
सुचिता बुधाजी घरत
(शेऱ्यात पूर्ण नाव असेच लिहावे.)