क्रूसाचं झाड

बुधवार, १२ जून १९७४

आधी तक्रार. जावयाने मला होडीत दोन पोत्यांच्या मध्ये कोंबलं, मांडीवर जिवंत कोंबडा दिला आणि वर म्हणाला, हलू नका सासूबाई, होडी उलटेल. जशी काही ती माझ्याच वजनाने उलटणार होती, त्याच्या बियरच्या पेट्यांनी नाही. कोंबड्याने वाटभर माझा अंगठा टोचून काढला. बेटावर पाय ठेवल्यावर पहिलं काम मी त्याचंच केलं. ओंडक्यावर मान, एक घाव. दुपारी रस्सा.

आता नमस्कार. ही उन्हाळी घराची वही. पाण्याकाठी घर घेतलं की आपल्याकडे टेबलावर अशी वही ठेवतात. हवा कशी, मासा केवढा, सौना म्हणजे वाफेची न्हाणी कधी तापवली, सगळं लिहायचं. माझी मुलगी राइली म्हणते, आई तू लिही. जावई ताउनोला सहीचासुद्धा कंटाळा. नात आइला सात वर्षांची, तिला फक्त मांजरं काढता येतात. मग राहिलं कोण? मी शाळेत दोन हिवाळे गेले, तेवढ्यात जे अक्षर लागलं ते हे. वाचायचं तर वाचा.

घर मात्र चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. एकच मोठी खोली, भिंतीएवढी चूल, मागे धान्याचं कोठार, काठावर सौना आणि पुढे धक्का. विकणारी बाई स्वीडनला राहते. आपल्याच बापाचं घर, पण बघायलासुद्धा आली नाही. रंगाच्या कारखान्याने ताउनोची छाती खाल्ली आहे, डॉक्टरने मोकळी हवा सांगितली. इथे हवेशिवाय दुसरं काही नाहीच. राइली दिवसभर गुणगुणत होती. मला ते ऐकायला बरं वाटलं, पण तिला सांगितलं नाही. पोरं शेफारतात.

शुक्रवार, १४ जून

ऊन. वारा नाही.

धक्क्यापाशी एक जुना पाइन होता, घेराने मोठा, खालच्या सगळ्या फांद्या कुणीतरी हजामत केल्यासारख्या छाटलेल्या. बटाट्याच्या वाफ्यावर दुपारपर्यंत त्याची सावली. मी म्हटलं, पाडा. ताउनोलाही तेच हवं होतं, त्याला कॉफी पिताना खिडकीतून पाणी बघायचं आहे. राइली म्हणाली, बिचारं झाड. मी म्हटलं, ते काय तुझी आत्या लागतं? ताउनो खोकत खोकत कुऱ्हाड चालवत होता, मी शेवटी दुसऱ्या टोकाला करवत धरली. झाड पाण्याकडे पडलं. पडताना असं कण्हलं की आमचा कुत्रा, हल्ली त्याचं नाव, घराखाली जाऊन बसला, तो भाकरीचा तुकडा दाखवला तेव्हा बाहेर आला.

आइलाने पाइक मासा पकडला, तिच्या हाताएवढा. मी डोकं दगडावर आपटून दिलं. पोरगी म्हणते, आजी, तो अजून बघतोय. म्हटलं, बघू दे, खायच्या वेळेला बघणार नाही.

शनिवार, १५ जून

शनिवार, म्हणजे सौना. त्याच पाइनची लाकडं फोडली. ओली होती, पण राळ इतकी की भडकली.

ताउनो फोडत होता, मी रचत होते. एक ओंडका पावासारखा उघडला आणि आत क्रूस. सालीखाली, लाकडाच्या पोटात. कुणीतरी कधीकाळी खोल कोरलेला, वर झाडाने मांस चढवलेलं. एका फाकेवर खड्डा, दुसरीवर तोच उठून आलेला. खाली ई आणि र ही अक्षरं आणि १९३१.

मला कळलं हे काय ते. आमच्या गावात मेलेल्याला चर्चच्या मातीत न्यायला निघाले की वाटेवर एका झाडाच्या फांद्या छाटायचे आणि बुंध्यात क्रूस व नाव कोरायचे. मेलेला उठतो, घरी यायला निघतो. त्यात नवल काही नाही, घर सगळ्यांनाच आठवतं. पण आपल्या क्रूसापाशी आला की त्याला कळतं आपण कोण झालो ते, आणि तो मागे फिरतो. क्रूस ओलांडता येत नाही. माझ्या बापाचं झाड मी लहानपणी पाहिलेलं आहे. पण त्याची साल मिटलेली नव्हती. या झाडाची मिटली होती, मला कसं दिसणार?

मी म्हटलं, हे जाळू नकोस. ताउनो म्हणाला, सासूबाई, मेलेल्याला वाचता येत असेल तर आपण त्याला पेपर लावून देऊ. आणि दोन्ही फाका सौनाच्या चुलीत टाकल्या. त्या झाडाची बाकीची अर्धी लाकडं आधीच जळून गेली होती, मीही जास्त बोलले नाही. वाफ चांगली झाली.

रविवार, १६ जून

पलीकडच्या काठावरचा म्हातारा व्हाइसानेन दूध घेऊन आला. धक्क्याशी येता येता त्याने वल्ही थांबवली. खुंटाकडे बघत राहिला. मी बरणी घेऊन उभी, आणि हा होडी लावेचना. तिथूनच ओरडला, कुणी तोडलं? मी म्हटलं, ज्यांचं झाड त्यांनी. दूध दे आधी.

तो म्हणाला, बाई, तुमच्या तोंडाला हाड नाही तसं तुमच्या घरात डोकंही नाही. मग पाण्यावरूनच सगळं सांगितलं. घर ईसाक्की रोंक्को याचं. तळ्यावरून आला की धक्क्यावरून हाक मारायचा, घरात कोण आहे? बायकोने, हुल्दाने, पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर वल्ह्याने मारायचा. ओ दिली तरी मारायचा, फक्त मग शोधायचा नाही, सरळ तिच्या आवाजाकडे चालत जायचा. एका वसंतात तिच्या डोक्याचं काही उरलं नाही. होडीतून पडली, असं त्याने सांगितलं, आणि लोकांनी मान डोलावली. व्हाइसानेनच्या बापानेही डोलावली. पुढे ईसाक्की दारूने मेला, तेव्हा मुलीने झाडात क्रूस कोरला. रोज कोरायची, म्हणे. पुरून झाल्यावरसुद्धा.

मी म्हटलं, मग आता आम्ही घर सोडून जावं म्हणतोस का? तो म्हणाला, मी काही म्हणत नाही, मी फक्त तिकडे होडी लावत नाही. दूध परत घेऊन गेला. भेकड.

ताउनो हसून हसून खोकला. राइली हसली नाही. तिने आइलाला धक्क्यावर जायची बंदी केली.

सोमवार, १७ जून

दुपारी, लख्ख उन्हात, धक्क्यावरून पुरुषाची हाक आली. घरात कोण आहे?

आम्ही जेवत होतो. व्हाइसानेनला उपरती झाली असेल म्हणून ताउनो उठणार, तेवढ्यात हल्ली भुंकत धावला. मग एक आवाज आला, ओल्या पोत्यावर फळी आपटावी तसा. पुन्हा. पुन्हा. भुंकणं पहिल्यालाच थांबलं होतं.

धक्क्यावर कुणी नाही. होडीही आमचीच. हल्लीच्या पाठीपासून पुढे कुत्रा म्हणावं असं काही शिल्लक नव्हतं, फळ्यांच्या फटीतून पाण्यात गळत होता. फळ्यांवर पिवळी वाळू. हे बेट सगळं काळं, खडक आणि चिखल. पिवळी वाळू मी एकाच ठिकाणी पाहिली आहे, चर्चमागे, जिथे खड्डे खणतात.

मी वेळ घालवला नाही. ताउनोला म्हटलं, कुत्र्याला पूर. सुरी घेतली आणि होडी बांधतो तिथल्या बर्चच्या झाडाच्या फांद्या छाटल्या, बुंध्यात क्रूस कोरला. ई. र. हात सोलला. झाडाने रस गाळला. आता येऊन दाखव म्हटलं.

राइली म्हणते उद्या जाऊ. मी म्हटलं, आता कशाला, बंदोबस्त केलाय.

मंगळवार, १८ जून, सकाळ

पायरीवर पिवळी वाळू. कोठारात वाळू. सौनाच्या बाकावर बसल्याएवढी वाळू, ओली.

धक्क्यापर्यंत जाऊन बघितलं. वाळूची पावलं घराकडून बर्चपर्यंत जातात आणि वळतात. पुन्हा जातात, पुन्हा वळतात. गवत तुडवून वाट पडली आहे. बर्चच्या पलीकडे, पाण्याच्या बाजूला, एकही पाऊल नाही.

तो काल कुत्र्याला मारून परत गेलाच नव्हता. बेटावर चढला होता. मी क्रूस कोरला तो त्याच्या पाठीमागे. बाहेर ठेवायचं ते आत घालून कडी लावली.

ताउनोला सांगितलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, आई, सामान राहू दे, सगळे होडीत चला. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई न म्हणता आई म्हणाला. राइली आइलाला बूट घालते आहे. मी एवढं लि

त्याच दिवशी

ताउनो गेला.

आम्ही दारात होतो. कोठारामागून हाक आली, घरात कोण आहे? मी तोंडावर बोट ठेवलं. पण त्याचा स्वभाव. मर्द ना. ओरडला, मी आहे, तोंड दाखव रांडेच्या! आणि कुऱ्हाड घेऊन धावला.

ईसाक्कीने बटाट्याच्या वाफ्यात गाठलं त्याला. उन्हात. मी बघितलं. माणूस दिसतो, पण डोळे ठरत नाहीत, वाळूच्या वावटळीसारखं. वल्हं मात्र खरं होतं. ताउनोने कुऱ्हाड घातली, ती त्याच्यातून जाऊन मातीत रुतली. मग वल्हं वर, वल्हं खाली. पहिल्याला गुडघा. दुसऱ्याला जबडा. ताउनो सरपटत घराकडे येत होता, तोंडातून दात आणि राइलीचं नाव. राइली धावली. मी तिला केसांना धरून आत ओढली, झिंज्या हातात आल्या, सोडलं नाही. दाराला टेबल लावलं. बाहेर वल्हं चालूच. मेल्यावरही चालू. बटाट्याची पानं लाल —

आइला पलंगाखाली. तिला सांगितलंय कान बंद कर. राइली मला शिव्या देते. देऊ दे.

बुधवार

गेला नाही. जाणार कुठे. बर्चपर्यंत जातो, वळतो, येतो. दार ठोकत नाही. फक्त विचारतो.

आम्ही गप्प. गप्प असलं की तो शोधत राहतो, भिंती चाचपतो. हुल्दा गप्प राहिली त्या दिवशी तिचं काय झालं ते — ओ दिली की मात्र सरळ त्या आवाजाकडे जातो. दुसरीकडे बघत नाही. ताउनोकडे गेला तेव्हा आम्ही दारातच होतो, आमच्याकडे वळलाही नाही.

दुपारी भिंतीच्या फळीवर वल्हं बसलं. फळी फुटली. तिचा तुकडा आइलाच्या डोक्यावरून गेला. पोरीने हूं का चूं केलं नाही. माझी नात.

आता नावं घेतो. ऐकून शिकला. राइली, म्हणतो. ताउनोच्या आवाजात म्हणतो. तिचं तोंड मी उशीने —

गुरुवार

दुसरी फळी गेली. तिसरी टिकणार नाही.

विचार केला, बर्च पाडावा, सुटू दे त्याला. पण मग तो पाण्यावरही मागे येईल. नको. क्रूस राहू दे. तो बर्च ओलांडू शकत नाही, आणि होडी बर्चच्या पलीकडे आहे. पोरी त्या झाडापलीकडे गेल्या की सुटल्या. माझी चूकच कामाला लावते.

व्हाइसानेन, ही वही तुझ्या हाती आली तर तो बर्च कुणाला तोडू देऊ नकोस. दर वर्षी साल मिटू लागली की पुन्हा कोर. दुधाचं मी विसरले नाही.

मी मागच्या खिडकीतून कोठाराकडे जाणार. कुऱ्हाड वाफ्यात आहे, ती घेत नाही, उपयोग नाही. तिकडून ओ देईन. जितक्या मोठ्याने देता येईल तितक्या. तो माझ्याकडे आला की राइलीने दार उघडायचं, पोरीला उचलायचं आणि पळायचं. मागे बघायचं नाही. माझा आवाज थांबला तरी नाही.

राइली म्हणते मी ओ देते, तू म्हातारी, तू आइलाला घेऊन जा. म्हातारीला होडी ओढवत नाही, मूर्ख. म्हणून लिहून ठेवते, म्हणजे वाद नको.

तिसरी फळी —

ऐका. तो राइली म्हणू दे, आइला म्हणू दे, ताउनोच्या तोंडाने रडू दे. कुणीही तोंड उघडायचं नाही. ओ द्यायची ती मी, लोविसाने, आणि माझ्याशिवाय कुणी