विचाराला बायको लागत नाही

१२ एप्रिल १९५८, राजापेठ, अमरावती

अकोल्याच्या वादसभेचं आमंत्रण आलं. विषय : माणसाचा विचार शरीर, परिस्थिती, नातीगोती यांवर अवलंबून असतो काय? नसतो! कॉलेजात लॉजिक शिकवणाऱ्याला तयारी कसली? विरुद्ध बाजूला खुशालराव वकील. माझा जुना रूममेट. त्याचे विचार जेवणापासून जेवणापर्यंत. बिचारा.

१५ एप्रिल

शुद्ध विचाराला एकांत हवा. प्रमोदिनीला माहेरी, अंजनगावला, पाठवायचं ठरवलं. ती म्हणाली, म्हणजे परिस्थिती लागतेच की. तिला लॉजिक कळत नाही. मॅट्रिकला पहिली आली होती, पण ते वेगळं.

२० एप्रिल, सकाळी

ती गेली. घर शांत. उद्यापासून पहाटे उठणे, थंड पाणी, एकभुक्त.

२१ एप्रिल

उठायला उशीर. ऊन भयंकर. खानावळीच्या भाजीनं पोट बिघडलं. मुद्दा एकही नाही. दोष पोटाचा, विचाराचा नव्हे.

२६ एप्रिल

चमत्कारिक प्रकार. वाक्य सुरू होतं, पुढे जात नाही. एरवी ती भाजी चिरता चिरता "मग?" म्हणायची, की पुढचं सुचायचं. आज रिकाम्या पाटासमोर बोलून पाहिलं. निव्वळ सवय. सुटेल.

२ मे, अंजनगाव

लोणचं आणायला आलो. दुसरं कारण नाही. प्रमोदिनी म्हणाली, जूनपासून इथल्या मुलींच्या शाळेत शिकवणार. खुशालरावांनी कमिटीत शब्द टाकला. मी म्हणालो, हा विश्वासघात आहे. ती म्हणाली, "तिकडे तुमचं डोकं चालायचं, मी ऐकायची. इथे माझंही चालतं. पाठवलंत तुम्हीच." सासूबाई दुर्गाबाई लोणच्याची बरणी देऊन आत गेल्या. जावयाला थांबा म्हणाल्या नाहीत.

९ मे

भाषण तयार. जवळजवळ. उभं राहिलं की सुचेल.

१० मे, अकोला

उभा राहिलो. सुचलं नाही. पोटात कळ. बसलो.

मग अध्यक्षांनी खुशालरावाच्या बाजूचं दुसरं नाव पुकारलं. सौ. प्रमोदिनी. माझी! मला कोणी सांगितलं नव्हतं. ती शांतपणे बोलली. माझं नाव घेतलं नाही. मुद्द्यांची मांडणी थेट माझी, निष्कर्ष उलटा. दोनदा मान डोलावली मी, नंतर लक्षात आलं. टाळ्या थांबेनात.

बाहेर खुशालरावाला म्हणालो, तू मित्र नाहीस. तो म्हणाला, "मोरोपंत, उपाशी पोटी काहून भांडून राहिला बाप्पा? चाल, रस हाय घरी."

गेलो. प्रमोदिनीनं न विचारता माझ्या पानात साधा वरण-भात वाढला, रस वाढलाच नाही. पोट निवलं. तिचं भाषण बरं होतं असं वाटू लागलं. हा निव्वळ वरणाचा परिणाम.

निघताना विचारलं, परत कधी येतेस? ती म्हणाली, विचार करून सांगते.

११ मे, अमरावती

अजून कळवलेलं नाही.