उकळलेली चिचा

नापो नदीकाठ, सोमवार

आदरणीय आई,

लिवियोचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? नार्सिसा आणि बाळ तुमच्याकडे सुखात असतील. मी मजेत आहे. (घरावर छप्पर नाही, एवढंच. हवा मात्र खेळती आहे.)

तुम्ही युकाचे कंद चावून आंबवता त्या चिचेला मी थुंकीचं पाणी म्हणालो आणि तुम्ही लेक-नात घेऊन होडीत बसलात. दोष माझ्या आरोग्यसेवकाच्या प्रशिक्षणाचा. जुनं छप्पर उतरवून ठेवलं होतं आणि नवं घालायला शनिवारी सगळं गाव मिंगेला, चिचेच्या बदल्यात हात लावायला, येणार होतं, तेव्हा चिचा मीच केली, नियमानं. कंद उकडले, कुटले, मडक्यात भरले. चावून काही घातलं नाही. तीन दिवसांनी बघतो तर नुसती पेज. मग दार लावून दोन तास स्वतः चावलं. (पुरुषानं चावायचं नसतं, ठाऊक आहे. जबडा अजून कटकट करतो.) पण थुंकी ती थुंकी, म्हणून जंतू मरावेत या हेतूनं तो लगदा खदखदा उकळला आणि मगच मडक्यात मिसळला.

शनिवारी शेजारच्या डोमिंगाकाकूंनी पहिला वाडगा तोंडाला लावला. म्हणाल्या, "लिवियो, बाळाची पेज आम्हाला का रे? दात आहेत आम्हाला." चिचा नाही तर मिंगा नाही. तीन वासे चढवून मंडळी मासे धरायला गेली.

काल प्रशिक्षणाचं पुस्तक काढलं. सगळं त्यातच होतं. थुंकीत एक विकर असतं. ते कंदातल्या पिठूळ भागाची साखर करतं. साखर झाली की चिचा फसफसते. ते स्वतः खर्ची पडत नाही. पिठाच्या एका कणाचं काम उरकलं की दुसऱ्याला भिडतं, म्हणून तुमचे चार घास अख्ख्या मडक्याला पुरतात. उकळलं की मात्र ते कामातून जातं. (परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते.)

बाकी क्षेम.

आपला जावई,
लिवियो

ता. क. येत्या शनिवारी पुन्हा मिंगा आहे. बुधवारच्या होडीनं आलात तर मडकं वेळेवर आंबेल.

आणखी ता. क. गावातल्या बायकांना चावून द्या म्हणालो होतो. आधी सासूची माफी माग, म्हणाल्या. म्हणून हे पत्र डोमिंगाकाकूंना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, "यात माफी कुठे आहे?" मी पुन्हा वाचलं. कुठेच नाही. आई, मला माफ करा.